दुसऱ्यांची माफीपत्रं

दोन वर्षं मी दुसऱ्यांच्या नावाने माफी मागत होते. नेमणुकीच्या पत्रात तसं लिहिलेलं नव्हतं. तिथे 'ऑफिस असिस्टंट' असं होतं आणि कामांमध्ये टायपिंग, फायलिंग, टेलिफोन.

उधन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका ट्रस्टचं ते हॉस्पिटल होतं. पेशंट बहुतेक लूमवर आणि डाइंग मिलमध्ये काम करणारे. डॉक्टर आणि ट्रस्टी गुजराती. आया, वॉर्डबॉय, सफाईवाले जवळजवळ सगळे खानदेशातले. आणि मी कुठेच न बसणारी. वडील विमा कंपनीत, शाळा नन्सची, घरी मराठी, बाहेर गुजराती, कागदावर इंग्रजी. त्या इंग्रजीसाठीच मला घेतलं होतं.

आमचे ॲडमिनिस्ट्रेटर एका ट्रस्टींचे साडू होते. त्याआधी त्यांनी साड्यांचा होलसेल धंदा केला होता. त्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणायचे. कमरेला पेजर. तो वाजला की समोरच्याचं बोलणं मध्येच तोडून ते खाली बघायचे, समोरचा रडत असला तरी. मी लागले त्याच वर्षी ते मुंबईला तीन दिवसांच्या कसल्याशा मॅनेजमेंट शिबिराला जाऊन आले आणि येताना 'ओपननेस' घेऊन आले.

ओपननेस म्हणजे असं. दर सोमवारी सकाळी साडेआठला सगळ्या स्टाफने लॉबीत जमायचं. आधी प्रार्थना. मग मागच्या आठवड्यात ज्याच्या हातून चूक झाली असेल त्याने पुढे यायचं. त्याचं माफीपत्र मोठ्याने वाचलं जायचं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. "भूल स्वीकारे ए बहादुर," साहेब म्हणायचे. बहादुराला एक पेढा मिळायचा. पत्र फाइलला लागायचं. "लखी आपो, वात पूरी," हे त्यांचं दुसरं वाक्य. लिहून द्या, विषय संपला.

पत्र इंग्रजीतच हवं, कारण फाइल इंग्रजीत होती. लिहून देणाऱ्याला इंग्रजी येत नसे आणि ऐकणाऱ्यांनाही नाही. म्हणून मी लिहायचे, मीच वाचायचे, आणि ज्याचं पत्र तो माझ्या शेजारी खाली मान घालून उभा असायचा, आपण नेमकं काय कबूल केलंय ते न कळता. डॉक्टरांच्या हातून चुका होत नसत. दोन वर्षांत एकाही डॉक्टरने तो पेढा खाल्ला नाही. साहेबांनीही नाही.

मला हे काम आवडायचं. शाळेत माझा आवाज दुसऱ्या बाकाच्या पुढे जात नसे. उत्तर येत असूनही मी हात वर करत नसे. पण इथे कागद हातात असला की मी नीट वाचत असे, स्पष्ट, थांबे घेत. "जुओ, कॉन्व्हेंटनी छोकरी!" साहेब ट्रस्टींना सांगायचे, आणि मला बरं वाटायचं. एकदा एका वॉर्डबॉयची ट्रॉली दारावर आपटून काच फुटली. त्या ट्रॉलीचं पुढचं चाक वाकडं होतं, ती डावीकडे ओढायची, हे हॉस्पिटलात सगळ्यांना माहीत होतं. मी लिहिलं, 'माझ्या बेसावधपणामुळे'. चाकाबद्दल लिहायचं मला सुचलंसुद्धा नाही. वाक्य छान झालं होतं.

पुरुषांच्या वॉर्डात एक आया होत्या. मी त्यांना मावशी म्हणायचे. शिरपूरकडच्या. नवरा लूमवर कामाला म्हणून उधन्याला आल्या, आणि लूमच्या खडखडाटाने नवऱ्याचे कान गेल्यावर हॉस्पिटलात लागल्या. अकरा वर्षं झाली होती, पण रोजंदारीवरच. कायम होणं म्हणजे काय ते त्या मला डबा खाताना सांगायच्या, जसं काही मला माहीतच नाही. आजारी पडलं तर रजा. म्हातारपणी हातात काहीतरी. आणि मुख्य म्हणजे, "उद्या येऊ नको, असं कोनी म्हनी शकत नही माय." माझ्याशी त्या असंच बोलायच्या, अर्धं माझ्या मराठीत, अर्धं त्यांच्या अहिराणीत. त्या वर्षी कायम करायच्यांच्या यादीत त्यांचं नाव होतं. मीच टाइप केलं होतं, सातव्या नंबरवर. ट्रस्टींची सही व्हायची होती. कुणाला सांगायचं नव्हतं, पण मी त्यांना सांगितलं. त्या डब्याचं झाकण बराच वेळ पुसत बसल्या.

त्यांच्या वॉर्डात अकरा नंबरच्या खाटेचं एका बाजूचं रेलिंग लागत नसे. वर ओढलं की खटकन खाली यायचं. मावशींनी मला तीन वेळा सांगितलं, मी तीन चिठ्ठ्या केल्या, तीनही साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. तेव्हा लॉबीत नवी फरशी बसत होती, पांढरी, मधे हिरवं कमळ. साहेब दिवसातून चारदा ते कमळ बघायला जायचे. मावशींनी रेलिंग बँडेजच्या पट्टीने बांधून टाकलं, आणि त्या खाटेवर म्हातारा पेशंट असला की शेजारी स्टूल टाकून बसायला लागल्या.

एका गुरुवारी देणगीदार यायचे होते, सोनोग्राफीच्या खोलीचं उद्घाटन करायला. अकरा वाजता साहेब मला म्हणाले, सगळ्या आयांना खाली बोलवा, दोन्ही बाजूंनी रांगेत, हातात फुलांच्या थाळ्या. मी इंटरकॉमवरून वॉर्डात फोन केला. मावशींनी उचलला.

"आज नही जमत माय. अकरा नंबरना म्हातारा उठू उठू करस."

"सगळ्यांनी यायचंय मावशी. साहेबांनी सांगितलंय."

"सिस्टर एकटी शे वर."

"पाच मिनिटांचं काम आहे," मी म्हणाले.

देणगीदार तासभर उशिरा आले. तासभर मावशी थाळी धरून त्या कमळाच्या काठावर उभ्या होत्या आणि मी काउंटरमागून बघत होते. त्या दर थोड्या वेळाने जिन्याकडे बघायच्या. एकदा त्या रांगेतून निघाल्या, तर साहेबांनी बोट दाखवून त्यांना परत जागेवर उभं केलं. नुसतं बोट. तोंडावर हसू तसंच, कारण गाडी फाटकात शिरली होती.

वर म्हातारा लघवीला उठला. त्याने रेलिंगवर भार दिला, पट्टी सरकली, तो पडला. खुब्याचं हाड मोडलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. "मासी पासे लखावी लो." मावशींकडून लिहून घ्या.

मी विचारलं, त्यांचं यादीत नाव आहे, त्याचं काही? एवढं विचारायलाही मला दाराशी थोडं थांबावं लागलं होतं.

"बेन, यादी यादीनी जग्याए. आ तो परिवार छे. लखी आपे, वात पूरी." यादी यादीच्या जागी, हा तर परिवार आहे.

मी जागेवर येऊन टाइप केलं. आणि पहिल्यांदाच, का कोण जाणे, जे झालं ते सगळं लिहिलं. कदाचित मी ते डोळ्यांनी बघितलं होतं म्हणून. 'रेलिंग तुटलेलं होतं. मी तीनदा कळवलं होतं. त्या वेळी मला हुकमावरून लॉबीत उभं केलं होतं, म्हणून मी पेशंटजवळ नव्हते.' मग माफी. साहेबांनी वाचलं, खिशातून लाल पेन काढलं आणि ती तीन वाक्यं खोडली. रागाने नाही. फूटपट्टी लावून, सरळ रेघ मारून.

"बेन, माफीमां कारण न होय. कारण आव्युं एटले माफी गई."

कारण आलं की माफी गेली. मला खरंच वाटलं, किती बरोबर बोलले. आज ते आठवलं की मला त्यांच्यापेक्षा जास्त चीड माझी येते. बावीस वर्षांची, शिकलेली मुलगी, आणि समोरचा माणूस स्वतःला पत्रातून फूटपट्टी लावून खोडतोय हे मला दिसलं नाही.

मी पत्र पुन्हा टाइप केलं. 'मी माझ्या जागेवर नव्हते. त्यामुळे पेशंट पडला. मला मनापासून खेद आहे.' मावशी सही करायला आल्या. अंगठा लावायची त्यांना लाज वाटायची, म्हणून सही करायला त्या मुद्दाम शिकल्या होत्या.

"काय लिखेल शे?"

मी सांगितलं.

"वाईट तं वाटस," त्या म्हणाल्या. "रेलिंगनं लिखं का?"

"ते साहेबांना माहीत आहे."

"आन माले खाले कोनी बलावं, ते?"

"तेही माहीत आहे. सही करा, मावशी. काही होत नाही. आजपर्यंत कुणाचं काही झालंय का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू सांगस तं करस माय," म्हणाल्या आणि जीभ दातांत धरून, एकेक अक्षर जोडत सही केली.

सोमवारी मी ते पत्र वाचलं, नीट, थांबे घेत. टाळ्या झाल्या. मावशींनी पेढा खाल्ला नाही, नवऱ्यासाठी पदराला बांधला.

म्हाताऱ्याचा मुलगा पलसाण्याला एका डाइंग मिलमध्ये मुकादम होता. त्याने ट्रस्टींकडे तक्रार केली. मीटिंगला साहेब ती फाइल घेऊन गेले आणि अर्ध्या तासात परत आले, प्रसन्न. जबाबदार आयाने स्वतः लेखी कबूल केलंय, सहीसकट. आणखी काय हवं? मग त्यांनी कायम करायच्यांची यादी मला पुन्हा टाइप करायला दिली. सातव्या नंबरवर आता लॉन्ड्रीतला एक माणूस होता. ट्रॉलीची, सांडलेल्या औषधाची, हरवलेल्या चादरीची जी जी पत्रं मी छान इंग्रजीत लिहून दिली होती, ती सगळी त्या फाइलमध्ये कशासाठी जमत होती ते मला तेव्हा कळलं. ज्याला काढायचं असेल त्याची कबुली आधीपासून तयार. टाळ्या वाजवून घेतलेली.

मावशींना उद्यापासून येऊ नका असं सांगायचं होतं. ते कुणी सांगायचं?

"बेन, तमे तमारी भाषामां समजावी दो," साहेब म्हणाले. तुम्ही तुमच्या भाषेत समजावून सांगा. माझी एक भाषा आहे हे त्यांना दोन वर्षांत पहिल्यांदा आठवलं होतं. तेही यासाठी.

मी गेले. मी नाही म्हणू शकले असते. म्हणाले नाही. वॉर्डाबाहेर बेसिनपाशी मावशी थर्मामीटर धूत होत्या. मी सांगितलं. त्यांनी ओरडावं असं मला वाटत होतं. त्या म्हणाल्या, "टाळ्या तं वाजन्यात ना माय? मी ऐक्यात." मग हातातले सगळे थर्मामीटर धुऊन, पुसून, जागेवर ठेवून गेल्या.

पुढचा आठवडा माझं कशात लक्ष नव्हतं. ऑफिसात रद्दी कागद फेकायचे नसत, पाठकोऱ्या बाजूवर कच्चं टाइप करायचं असा नियम होता. शुक्रवारी मी असाच एक कागद मशीनला लावायला घेतला आणि उलटून बघितला तर तेच पहिलं पत्र. तीन वाक्यं, त्यांवर तीन लाल रेघा, एकदम सरळ. मी तो घडी करून पर्समध्ये ठेवला.

सोमवारी एका सफाईवाल्या बाईचं माफीपत्र होतं. ती शेजारी येऊन उभी राहिली. मी फाइल उघडली आणि तिचं पत्र न काढता पर्समधला कागद काढला. आणि इंग्रजीत नाही, हिंदीत वाचायला लागले, कारण हिंदी सगळ्यांना कळत होती. माझा आवाज परत शाळेतला झाला. मागून एका वॉर्डबॉयने हाक दिली, "बेन, जोर से!"

मी जोरात वाचलं. रेलिंग टूटा हुआ था. तीन बार बताया था. मुझे हुकम देकर नीचे खड़ा किया था. मग मी कागद वर धरला आणि म्हणाले, ये लाल लकीर साहब ने मारी है.

आणि मग टाळ्यांचा आवाज आला. साहेब वाजवत होते.

"वाह! आने कहेवाय ओपननेस!" ते पुढे आले, माझ्या शेजारी उभे राहिले. "बेने अधूरो कागळ टाइप कर्यो हतो, अने आजे बधानी सामे पोतानी भूल स्वीकारी. बहादुर!" म्हणजे अर्धवट पत्र टाइप केलं ही माझीच चूक, आणि ती मी आता कबूल केली होती. माझ्याकडे वळून हळूच, हसतच म्हणाले, "बार वाग्या सुधीमां लखी आपो, बेन. वात पूरी."

आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो 'जोर से' म्हणणारा वॉर्डबॉयसुद्धा. त्यांना दोष देऊ नये, त्यांनाही पोटं होती, असं नंतर घरी वडील म्हणाले. मी देते. सगळ्यांना कळलं होतं, या वेळी भाषा कळत होती, तरी वाजवल्या. फक्त मावशींच्या वॉर्डातली दुसरी आया हात काखेत दाबून उभी होती. माझ्या हातात पेढा आला. तो मुठीत इतका दाबला गेला की नंतर बोटं धुवावी लागली.

बारा वाजेपर्यंत मी लिहून दिलं. त्यांनीच मागितलं होतं. माझ्या स्वतःच्या नावाचं पहिलं माफीपत्र, आणि त्यात सगळी कारणं. रेलिंग, तीन चिठ्ठ्या, कमळाची फरशी, इंटरकॉमवर मी काय म्हणाले, लाल पेन, फूटपट्टी. 'सही करा, काही होत नाही' हे मी म्हणाले होते, तेही. माफी हॉस्पिटलची मागितली नव्हती, मावशींची आणि त्या म्हाताऱ्या गृहस्थांची मागितली होती. दोन कार्बन घातले होते. वरची प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली. एक पोस्टाने पलसाण्याला, म्हाताऱ्याच्या मुलाला पाठवली.

चार दिवसांनी तो मुलगा कागद घेऊन हॉस्पिटलात आला. काय बोलणं झालं ते दार बंद असल्यामुळे मला ऐकू आलं नाही, पण आठवड्याच्या आत वॉर्डातली सगळी रेलिंग दुरुस्त झाली. मावशींना परत घेतलं नाही. ते आता शक्य नाही, फाइलला कबुली आहे, असं साहेब म्हणाले.

मुलगा येऊन गेला त्याच दुपारी साहेबांनी मला बोलावलं. पेजर वाजला, त्यांनी बघितला नाही. "घरनी वात तमे बहार लई गया," ते म्हणाले. "राजीनामो लखी आपो."

"नाही लिहिणार," मी म्हणाले. मराठीत. तेवढीच दोन शब्दांची गोष्ट आहे ज्याबद्दल मला बरं वाटतं. मला काढल्याचं पत्र त्यांना स्वतः टाइप करावं लागलं, माझ्या मशीनवर, दोन बोटांनी. त्यात चार चुका होत्या. माफीपत्र कुणी दिलं नाही.

तिसरी प्रत मी रविवारी दुपारी उधन्याला मावशींच्या घरी घेऊन गेले. चाळीतली शेवटची खोली. त्यांना कतारगामला एका नर्सिंग होममध्ये काम मिळालं होतं, रोजंदारीवर, परत पहिल्यापासून. नवरा खाटेवर बसून माझ्याकडे बघत होता. मी दारातच उभी होते, तर त्या म्हणाल्या, "बस ना. आते कसानी लाज?"

मी पत्र मराठीत सांगत सांगत वाचलं. रेलिंगचं वाक्य आलं तसं त्यांनी हात वर केला.

"ते परत वाच."

मी परत वाचलं.

"हाई सगळ्यासमोर वाचं का तू?"

"हो."

"टाळ्या वाजन्यात?"

"साहेबांनी आधी वाजवल्या. मग सगळ्यांनी."

"तुले पेढा भेटना का?"

"भेटला."

"खादा?"

"नाही."

"मंग बरं." मग कागदाकडे बोट दाखवून, "आन तू माले 'सही कर' म्हने, ते लिखं का?"

"लिहिलंय."

"वाच."

मी वाचलं. त्यांनी 'असू दे' म्हटलं नाही, 'जाऊ दे' म्हटलं नाही. मला ते हवं होतं हे मला तिथे बसल्यावर कळलं. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला. नवरा "काय? काय?" करत होता. मावशी उठून त्याच्या कानाशी गेल्या आणि मी वाचलेलं सगळं त्याला सांगायला लागल्या, अहिराणीत, ओरडून, कारण त्याशिवाय त्याला ऐकू जात नसे. रेलिंग, थाळी, साहेबांचं बोट. चाळीत भांडी घासणाऱ्या बायका थांबल्या. पलीकडच्या खोलीतला रेडिओ बंद झाला. एक-दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या, माझ्याकडे बघत.

मग 'सही कर, काही व्हत नही' ही माझी ओळ आली. मावशींनी आवाज कमी केला नाही.